अठ्ठ्याऐंशी देवळांची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी बोललेल्या वक्त्यांनी मंडळाची जुनी दप्तरे चाळून आपल्याला पन्नास वर्षांची हकीकत सांगितली. माझ्यापाशी तसे दप्तर नाही. कार्यवाहांनी ‘प्रवासाविषयी काहीतरी बोला’ असा आग्रह धरला तेव्हा मी त्यांना म्हटले की, चारचौघांत सांगण्याजोगा असा प्रवास मी जन्मात एकच केला आहे, आणि त्यातलाही एक भाग सांगावा की सांगू नये याविषयी माझ्या मनाचा अद्याप निश्चय होत नाही. तो भाग आला म्हणजे आपल्या ध्यानात येईलच.

२०१८ च्या मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत, एकंदर ५१ दिवस, मी जपानमधील शिकोकु बेटावर पायी चाललो. जपानच्या चार मुख्य बेटांपैकी हे सर्वांत लहान. या बेटाला वळसा घालणारी सुमारे १२०० किलोमीटरांची एक यात्रा आहे. तिच्यात ८८ बौद्ध मंदिरे आहेत, आणि ती करणाऱ्याला तिकडे ‘हेन्रो’ म्हणतात. आजकाल बहुतेक यात्रेकरू बसने नाहीतर मोटारीने जातात आणि दहाबारा दिवसांत मोकळे होतात. पायी जाणारे थोडे. त्यांना चाळीस-पन्नास दिवस लागतात. माझ्या गुडघ्यांनी एक दिवस जास्त घेतला.

ही यात्रा ज्या पुरुषाच्या नावाने चालते त्याचे नाव कूकाई. त्याचा जन्म ७७४ साली याच बेटावर झाला. ८०४ साली तो समुद्र ओलांडून चीनला गेला, तेथे चांगआन नगरीत हुइक्वो नावाच्या आचार्यांकडून त्याने मंत्रयानाची दीक्षा घेतली, आणि ८०६ साली परत येऊन जपानमध्ये शिंगोन पंथाची स्थापना केली. ८३५ साली त्याचा अंत झाला. अंत झाला असे मी म्हणतो. तेथील भाविक म्हणतात की तो कोया पर्वतावर अजून समाधिस्थ बसला आहे. ज्ञानोबांच्या आळंदीविषयी आपण जे मानतो तेच हे, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. मरणोत्तर त्याला ‘कोबो दाइशी’ ही पदवी मिळाली. शिकोकूतले लोक मात्र नुसते ‘ओदाइशी-सान’ म्हणतात, आपण ‘माउली’ म्हणतो तितक्याच घरगुती स्वरात.

आता एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. ‘शिंगोन’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘मंत्र’. चांगआनमध्ये कूकाईला संस्कृतचे पाठ देणाऱ्यांत प्रज्ञ नावाचा एक भारतीय भिक्षू होता. तेथून कूकाईने जी लिपी बरोबर आणली ती आपली जुनी सिद्धम् लिपी. भारतात ती केव्हाच मागे पडली. जपानच्या देवळांत ती आजही दगडावर, लाकडावर आणि कागदावर लिहिली जाते. आपण ‘ओनामा’ म्हणतो तो शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ वरून आलेला. मुलाच्या पाटीवर पहिले अक्षर काढताना हे म्हणत, म्हणून कशाच्याही आरंभाला आपण ओनामा म्हणू लागलो. त्या पाटीवरचे सिद्धम् मला शिकोकूच्या डोंगरात, शेवाळलेल्या दगडावर भेटले. जपानी मुले आपली अक्षरे अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न अशा क्रमाने घोकतात. तो क्रमही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे.

देवांची नावे तशीच. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या भिंतीवर कमळ धरून उभा आहे तोच. याकुशी म्हणजे भैषज्यगुरू, जिझो म्हणजे क्षितिगर्भ, फुदो म्हणजे अचल. तेथे होम होतो, त्याला ‘गोमा’ म्हणतात. पहिल्या क्रमांकाच्या देवळाचे नाव र्‍योझेनजी, अर्थात गृध्रकूट पर्वताचे देऊळ. गृध्रकूट म्हणजे बिहारमधील राजगृहाचा, जेथे बुद्धाने उपदेश केला तो डोंगर. प्रत्येक देवळात प्रज्ञापारमिताहृदयसूत्र म्हणावयाचे असते. त्याचा जो चिनी पाठ तेथे म्हटला जातो तो ह्युएन त्संगाच्या नावावर आहे, म्हणजे पुलकेशीच्या काळात ज्याने महाराष्ट्र पाहिला आणि आपल्या लोकांविषयी चार बऱ्या आणि एकदोन खऱ्या गोष्टी लिहून ठेवल्या, त्याच यात्रिकाच्या. सूत्राच्या शेवटी संस्कृत मंत्र येतो आणि त्यातला ‘स्वाहा’ जपानी तोंडात ‘सोवाका’ होतो. पहिल्या दिवशी मला तो ओळखू आला नाही. तिसऱ्या दिवशी ओळखू आला, आणि परक्या गावच्या बाजारात आपल्या वळणाचे नाक दिसावे तसे वाटले.

यात्रेकरूचा वेष ठरलेला आहे. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर गवताची टोकदार टोपी, गळ्यात झोळी, हातात काठी. पांढरा रंग प्रेतवस्त्राचा. जुन्या काळी पुष्कळ माणसे या वाटेवर मरत. महारोगी, घरातून घालवून दिलेले, असाध्य रोगी यांना ही वाट हेच घर होते. त्यांच्या प्रवासपरवान्यांत, हा मनुष्य वाटेत मेला तर तुमच्या गावच्या रीतीने त्याला मूठमाती द्यावी, असेही लिहिलेले असे. वाटेच्या कडेला अशांचे दगड जागोजाग दिसतात. कित्येकांवरची अक्षरे पावसाने पार धुऊन गेली आहेत. काठी म्हणजे प्रत्यक्ष कोबो दाइशी. म्हणूनच टोपीवर ‘दोग्यो निनिन’ ही अक्षरे असतात, अर्थ ‘बरोबर चालणारे दोघे’. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचे टोक धुवावयाचे आणि ती खोलीतल्या मानाच्या जागी उभी करावयाची. पुलावरून जाताना काठी टेकावयाची नाही. ओझु गावात दाइशींना एके रात्री कोणी आसरा दिला नाही आणि ते पुलाखाली कुडकुडत निजले, अशी कथा आहे. पुढच्या कोणत्याही पुलाखाली ते निजलेले असतील, त्यांची झोप मोडू नये. ओझुच्या त्या पुलाखाली आज दाइशींची निजलेली मूर्ती आहे आणि लोक तिच्या अंगावर रजया घालतात.

पंढरीची वारी मी लहानपणापासून पाहिली आहे. माझे गाव तरडगाव. लोणंदचा मुक्काम हलला की चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते आणि संध्याकाळी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या गावी येते. आमच्या घरी एक दिंडी उतरे. आई पहाटेपासून भाकऱ्या थापी, पिठले आणि ठेचा होई, आणि रात्री वडील म्हाताऱ्या वारकऱ्यांचे पाय कढत पाण्याने शेकीत. आम्हा दोघा भावांचे काम पाणी आणण्याचे. वारी हजारोंची आहे आणि ती विठ्ठलापाशी जाऊन थांबते. शिकोकूची वाट एकट्याची आहे आणि ती वर्तुळ आहे. कोठूनही सुरू करता येते, कोठेच पोचावयाचे नसते, ८८ व्या देवळानंतर माणसे पुन्हा पहिल्याकडे चालू लागतात. नाकात्सुकासा मोहेई नावाचा एक गृहस्थ, मृत्यू १९२२, ही फेरी २८० वेळा करून गेला. त्याने वाटेवर उभारलेले मार्गदर्शक दगड मला पुष्कळदा योग्य वळणावर भेटले. तथापि मी या वाटेवर गेलो तो भक्तीने नव्हे. नोकरीच्या निमित्ताने जपानी अभियंत्यांशी संबंध आला होता, मोडकीतोडकी भाषा येत होती, आणि निवृत्तीनंतर काहीतरी लांबचे चालावे, डोके रिकामे व्हावे, एवढीच इच्छा होती. निदान तेव्हा मी तसेच सर्वांना सांगत होतो.

पहिल्या दहा देवळांची वाट सपाटीची आणि सोपी आहे. अकराव्या देवळावरून बाराव्या शोसानजीला जाताना मात्र डोंगर चढावा लागतो. तेरा किलोमीटरांचा चढउतार. त्याला म्हणतातच ‘हेन्रो-कोरोगाशी’, यात्रेकरूला गडगडविणारी वाट. मला आठ तास लागले. उतारावर एका लहानशा देवळापाशी दोन मूर्ती आहेत, दाइशी उभे आणि त्यांच्यासमोर एक मनुष्य गुडघे टेकून बसलेला. त्याचे नाव एमोन साबुरो. इयो प्रांतातला हा धनिक. त्याच्या दाराशी एक भिक्षू पुनःपुन्हा भिक्षेला आला आणि याने संतापून त्याचे भिक्षापात्र फोडले. पात्राचे आठ तुकडे झाले. पुढे त्याची आठ मुले एकामागून एक गेली. भिक्षू कोण होता हे उमजल्यावर हा घरदार टाकून क्षमा मागण्यासाठी त्याच्यामागे निघाला. वीस फेऱ्या केल्या, गाठ पडेना. एकविसाव्या खेपेला तो उलट दिशेने चालला आणि या डोंगरात मरणोन्मुख होऊन पडला असता दाइशी त्याला भेटले. ही यात्रा त्याच्यापासून सुरू झाली असे सांगतात. अजूनही लीप वर्षी पुष्कळ लोक ती उलटी करतात. मी गोष्ट ऐकली, वहीत टिपली आणि पुढे गेलो. अशा गोष्टी आपल्याकडेही पुष्कळ आहेत, असे तेव्हा मनात आले.

तेविसाव्या देवळानंतर चोविसावे येते ते सुमारे ७५ किलोमीटरांनी, मुरोतोच्या भूशिरावर. तीन दिवस डाव्या हाताला प्रशांत महासागर, उजव्या हाताला डोंगर आणि मधून डांबरी सडक. तोसा प्रांताची हद्द ओलांडल्यावर पाऊस लागला. दुपारची वेळ होती. मागून हाका ऐकू आल्या म्हणून वळून पाहिले, तर कमरेत वाकलेली एक म्हातारी छत्रीशिवाय माझ्यामागे धावत येत होती. तिच्या हातात पपनसासारखे एक मोठे फळ होते. त्याला तिकडे बुंतान म्हणतात. कागदात गुंडाळलेले एक नाणेही होते. मी थकलेलो, पाठीवर आठ किलो ओझे, पायाला फोड. मी हात जोडले, मान हलवली, ‘नको, नको, आपण ठेवा’ असे जमेल तसे म्हटले आणि नम्रपणे चालू लागलो. म्हातारी पावसात उभी राहिली. मला वाटले मी तिचे फळ वाचवले.

रात्री मुक्कामाच्या मालकाला मी हे सहज सांगितले. त्याने हातातला तांब्या खाली ठेवला. यात्रेकरूला लोक जे देतात त्याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. ते नाकारीत नाहीत, एवढेच तो प्रथम म्हणाला. मग त्याने सावकाश समजावून सांगितले. ज्यांना स्वतः चालता येत नाही ते चालणाऱ्याच्या हाती काहीतरी देतात. ते फळ माझ्यासाठी नव्हतेच. ते दाइशींसाठी होते, आणि पुढच्या देवळात मी म्हातारीच्या वतीने नमस्कार करावयाचा होता. घेणाऱ्याने उलट आपले नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावयाची, ती जुन्या घरांत आढ्याला बांधून ठेवीत, आगीपासून रक्षण होते म्हणून. आणि आभार दोघांनीही मानावयाचे, देणाऱ्याने जरा अधिक. ‘तिला आता ७५ किलोमीटर कसे चालता येणार?’ असे तो म्हणाला आणि जेवण आणावयास गेला.

बंधुभगिनींनो, सांगावा की न सांगावा असे मी म्हणालो तो भाग हा.

मला एक थोरला भाऊ होता. मी शिकून इकडे आलो, तो गावी राहिला. आईवडिलांचे सगळे त्याने केले, दिंडीचे जेवण त्याने चालू ठेवले. मी दर महिन्याला मनीऑर्डर करीत असे, पुढे बँकेतून पाठवू लागलो. त्यात कधी खंड पडू दिला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. दरवर्षी दिवाळीआधी दादा गुळाची ढेप, शेंगा आणि ज्वारीचे पीठ पाठवीत. २०११ साली त्यांनी घरामागची जमीन विकली आणि निम्म्या रकमेचा ड्राफ्ट माझ्या नावे पाठविला. मी तो रजिस्टर टपालाने परत केला. बरोबर दोन ओळी लिहिल्या: मला याची गरज नाही, तुम्हीच ठेवा. मन मोठे केले असे मला वाटले. घरच्यांनाही मी तसेच सांगितले. दादांनी उत्तर दिले नाही. त्या दिवाळीला गूळ आला नाही, नंतरही कधी आला नाही. फोनवर आम्ही हवापाण्याचे बोलत असू. २०१६ साली दादा गेले. तेराव्या दिवशी कागदपत्रांच्या पेटीत तो ड्राफ्ट सापडला, केव्हाच मुदत संपलेला. वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘भावजी, गरज आहे म्हणून का कोणी वाटा देतं?’

मी त्यावर दोन वर्षे काही बोललो नव्हतो, स्वतःशीदेखील. मुरोतोच्या वाटेवरच्या त्या खोलीत, कोपऱ्यात उभ्या केलेल्या काठीकडे पाहात, मला रात्रभर झोप लागली नाही. एमोन साबुरोने मागणाऱ्याला हाकलले होते. मी देणाऱ्याला हाकलले होते, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळा हात जोडून. सकाळी मागे फिरून म्हातारीला शोधावे असे मनात आले. बारा किलोमीटर मागे जावयाचे होते आणि पाऊस होता. मी गेलो नाही. याचे समर्थन माझ्याजवळ नाही.

मुरोतोला ज्या गुहेत कूकाईने तरुणपणी तप केले असे सांगतात, तिच्यातून म्हणे फक्त आकाश आणि समुद्र दिसतो; ‘कूकाई’ या नावाचा अर्थही तोच. मी गुहेसमोरच्या खडकांवर तासभर बसलो. काही साक्षात्कार झाला नाही. भूक लागली, एवढे आठवते.

त्यानंतर कोणी काही देऊ केले तर मी ते घेऊ लागलो. हे वाटते तितके सोपे नाही. आपण बाहेरगावची माणसे. कोणाचे उपकार नकोत, कोणाला बोलावयास जागा नको, यावर आपले सगळे उभे असते. परक्या मुलखात मान ताठ ठेवावयाची ती आपली रीत आहे आणि ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तथापि साठी उलटलेल्या गृहस्थाने रस्त्यात उभे राहून शाळकरी मुलीकडून दोन गोळ्या घ्यावयाच्या आणि कमरेत वाकून आभार मानावयाचे, याला सराव लागतो. मी एका वहीत नोंद ठेवली: संत्री, चहा, मोज्यांचा जोड, भाताचे गोळे, एका न्हाव्याने फुकट केलेली दाढी. शेवटी ६३ नोंदी झाल्या. पायी चालण्याचा नेम असलेल्याला कोणी मोटारीत बसा म्हणाले तर काय करावे, हा पायी यात्रेकरूंचा जुनाच पेच आहे. कोचीपुढे एकाने गाडी थांबविली तेव्हा मी नेम सांगितला. त्याने थोडा विचार केला आणि कॉफीचा डबा हातात दिला. दोघेही सुटलो.

मात्सुयामा शहरातले ५१ वे देऊळ इशितेजी. इशिते म्हणजे दगड असलेला हात. एमोन साबुरो मेला तेव्हा दाइशींनी त्याच्या हातात एक खडा दिला. पुढे त्या प्रांताच्या अधिपतीच्या घरी एक मूल जन्मले, त्याची मूठ उघडेना, आणि उघडली तेव्हा आत तो खडा, अशी कथा आहे. खडा तेथे ठेवलेला आहे. देवळात गर्दी होती, जवळच दोगोची प्रसिद्ध गरम पाण्याची कुंडे असल्याने सहलीची माणसेही पुष्कळ. मी दीपगृहात मेणबत्ती लावली, तीन उदबत्त्या लावल्या, चिठ्ठी टाकली. चिठ्ठीवर आपले नाव, गाव आणि मागणे लिहावयाचे असते. त्या दिवशी मी माझ्या नावाऐवजी दादांचे नाव आणि तरडगावचा पत्ता लिहिला, आणि तेथून पुढच्या सर्व देवळांत तेच लिहिले. उन्पेन्जीला, म्हणजे सर्वांत उंचावरच्या सहासष्टाव्या देवळाला, नऊशे मीटर चढून गेलो तेव्हा धुके होते आणि दुसरे कोणीही नव्हते. तेथे मी सूत्र म्हटले आणि नंतर, कोणी ऐकत नाही असे पाहून, दादा म्हणत तो हरिपाठही म्हटला. तेथील पुजाऱ्यांची हरकत असावयाचे कारण नव्हते.

यात्रा संपल्यावर कोया पर्वतावर जाऊन दाइशींचे आभार मानावयाची चाल आहे. तोकुशिमाहून बोटीने वाकायामाला जाता येते. मोठमोठ्या वृक्षांखाली लाखो थडग्यांमधून समाधीकडे रस्ता जातो आणि समाधीतल्या दाइशींना आजही दिवसातून दोन वेळा जेवण नेतात. त्याच पर्वतावरील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ साली मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. मी पुतळ्यापुढे मराठीत नमस्कार केला. ५१ दिवसांनंतर मोठ्याने मराठी बोलावेसे वाटले असावे.

त्याच वर्षी जुलैत पालखी तरडगावी आली तेव्हा मी तेथे होतो. दिंडी जेवून गेल्यावर मी वहिनींना म्हटले, दादांच्या वाट्यातले मला काहीतरी द्या. जमिनीचे पैसे विहिरीत आणि पुतणीच्या लग्नात केव्हाच गेले होते, हे मला ठाऊक होते. वहिनींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, मग त्या आत गेल्या आणि शेंगांची पिशवी घेऊन आल्या. ‘या वर्षी पाऊस नाही, बारीक आहेत,’ म्हणाल्या. आता दिवाळीआधी पार्सल येते.

आपल्यापैकी कोणाला ही यात्रा करावयाची असेल तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले; पावसाळ्यात आणि ऑगस्टच्या उन्हात जाऊ नये. सगळी एकदम झाली पाहिजे असे नाही, पुष्कळ जपानी लोक ती तुकड्यातुकड्यांनी अनेक वर्षांत पुरी करतात. बूट एक माप मोठे घ्यावेत. समोर टेबलावर ठेवली आहे ती माझी शिक्क्यांची वही. प्रत्येक देवळात तीनशे येन देऊन तीन तांबडे शिक्के आणि वर कुंचल्याने काढलेली अक्षरे मिळत, मधोमध देवतेचे सिद्धम् बीजाक्षर. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. चोविसाव्या देवळाच्या पानावर पावसाचे पाणी पडून शाई पसरली आहे. ते पान जरा जपून उलटावे.